मॉरिशसजवळचा खळगा

आमच्या घरी फोडणी फक्त रविवारी व्हायची. बाकीचे दिवस वरण साधं आणि भाजी वाफवलेली. पाहुण्यांना वाटे, घरात कुणाचं तरी पथ्य आहे. तसं पथ्यच होतं ते, पण माणसाचं नव्हे, आरशाचं.

माझी आई, हेमलता सांगळे, सिन्नरच्या माळावरच्या आमच्या अवकाश संस्थेत उपग्रहांचे आरसे करायची. हे आरसे अतिनील प्रकाशासाठी असत. डोळ्यांना दिसणारा प्रकाश तसा सोशिक असतो. आरशावर थोडी धूळ असली, बोटाचा ठसा असला, तरी तो परततो. अतिनील प्रकाशाचं तसं नाही. केसांच्या तेलाचा, पावडरीचा, उदबत्तीच्या धुराचा दोन-चार रेणूंइतका पातळ थर आरशावर बसला, तरी तो प्रकाश तिथेच गिळला जातो. म्हणून आई केसांना तेल लावत नसे, गजरा माळत नसे. साबण बिनवासाचा. देवापुढे दिवा नाही, उदबत्ती नाही. मावशी म्हणायची, "हेमा, तुझे देव कंटाळून माझ्याकडे राहायला येतील एक दिवस." आई म्हणायची, "येऊ देत. सोबत तुझ्या भज्यांचा वासही मिळेल त्यांना."

त्या रविवारी ती कढईवर वाकून उभी होती. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला, तिला ठसका लागला, तरी ती हलेना.

"आई, बाजूला हो, जळेल ती."

"जळू दे गं थोडी. आठवड्याचं भरून घेते."

जेवताना मी तिला माझ्या टॅबवर नकाशा दाखवला. मी त्याच संस्थेत, पण दुसऱ्या इमारतीत, उपग्रहाकडून आलेल्या चित्रांचा अर्थ लावण्याचं काम करते. आईच्या आरशातून आलेलं चित्र मी वाचते, असं लोक गमतीने म्हणत.

हा उपग्रह म्हणजे आरोही. तो हिंदी महासागराच्या वर, पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागी टांगल्यासारखा उभा असतो आणि तिथून अर्धी पृथ्वी अतिनील प्रकाशात पाहतो. जमिनीपासून दीडशे-दोनशे किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की तिला हवा म्हणणंही जिवावर येतं. पण ती असते. तिथले प्राणवायूचे अणू आणि नायट्रोजनचे रेणू दिवसभर उन्हात एक मंद अतिनील प्रभा देतात. ती जमिनीवरून दिसणं शक्य नाही, कारण खालची हवा ती पिऊन टाकते. वरूनच बघावी लागते. कुणाची प्रभा किती, याच्या प्रमाणावरून त्या उंचीवर हवा किती दाट आहे हे कळतं. सूर्यावर वादळ झालं की ही हवा तापून फुगते आणि खालच्या कक्षेतले उपग्रह तिला घासून वेग गमावतात. आरोहीचा नकाशा दर अर्ध्या तासाला येऊ लागल्यापासून जगभरचे उपग्रह त्याच्याच भरवशावर चालू लागले. किती उंचीवर राहायचं, इंधन कधी जाळायचं, हे आता माणसं ठरवत नव्हती. यंत्रं नकाशा वाचत आणि ठरवत.

त्या नकाशात मॉरिशसजवळ मला एक खळगा सापडला होता. तिथे प्राणवायूची प्रभा कमी दिसत होती, म्हणजे हवा अपेक्षेपेक्षा विरळ. खालची पृथ्वी तापवणारा कर्बवायू वरच्या हवेला मात्र थंड करतो, आक्रसवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझा खळगा हे त्याचंच टोकाचं रूप असावं, असं मी लिहिलं. शोधनिबंध गाजला. त्या हिशेबाने शेकडो लहान उपग्रह काही किलोमीटर खाली उतरवले गेले, कारण खालून जमिनीची चित्रं स्पष्ट येतात. एका छोट्या अवकाश स्थानकात चार माणसं राहत होती. त्या स्थानकानेही आपली उंची वाढवायचं काम पुढे ढकललं.

आईने हात धुऊन टॅब हातात घेतला. चष्मा कपाळावर सारून तिने चित्र जवळून पाहिलं.

"हा कधीपासून दिसतोय?"

"गेल्या वर्षीपासून ठळक. आधी अगदी पुसट होता. हळूहळू गडद होतोय."

"हळूहळू," ती म्हणाली. तिने बोटांनी चित्र मोठं केलं. "आरोही फिरवून बघितलात?"

"म्हणजे?"

"चष्म्यावर डाग आहे का भिंतीवर, हे मान वाकडी केली की कळतं. पृथ्वीकडे तोंड तसंच ठेवायचं आणि त्याला भोवऱ्यासारखा अर्धा फिरवायचा. खळगा आकाशात असेल तर जागचा हलणार नाही. आरशात असेल तर फिरेल."

मला हसू आलं. "तुझ्या आरशावर डाग? आई, कॅन्टीनमध्ये हे बोललीस तर लोक चहा सांडतील."

"सांडू देत. तू फिरवायला लाव."

"नाडगौडा सर नाही म्हणतील. फिरवला की त्याची थंड बाजू उन्हात येते. प्रकाश टिपणारा संवेदक तापून गेला म्हणजे?"

"नाही म्हणाले तर मला सांग. मी बघते त्यांच्याकडे." तिने ताट उचललं. "आणि वरण घे अजून. आज चवीचं आहे."

सोमवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती खाली बसली, मग आडवी झाली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नाशिकच्या इस्पितळात पोचेपर्यंत ती बेशुद्धच होती आणि दिवस मावळायच्या आत गेली. मला निरोपाचं एकही वाक्य मिळालं नाही. जे मिळालं ते वरणाबद्दलचं.

तेराव्यानंतर मी कामावर रुजू झाले. संचालक डॉ. नाडगौडांनी मला बोलावून घेतलं. ते आईपेक्षा थोडे लहान. तिला ताई म्हणत आणि तिला घाबरतही. मेंदी लावून आलेल्या मुलीला आईने एकदा दारातूनच परत पाठवलं होतं. ती नेमकी त्यांची भाची होती.

"नव्या निर्मळ कक्षाला ताईंचं नाव द्यायचं ठरवलंय," ते म्हणाले. निर्मळ कक्ष म्हणजे ती खोली, जिथे गाळलेल्या हवेत, डोक्यापासून पायापर्यंत झाकून आरसे हाताळतात. "आरोही-दोनचा आरसा तिथेच होईल. पाटीचं काम दिलंय."

मी आभार मानले. आरोही फिरवायचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पुढे बरेच दिवस मी ते बोलले नाही. उगाच का बोलावं, असं स्वतःला सांगत राहिले. खळगा खरा असेल तर फिरवण्याची गरज नाही. खोटा असेल तर माझा निबंध गेला. पण त्याचं मला तितकंसं काही वाटत नव्हतं. आईचं नाव जाईल याचं वाटत होतं. तिने आयुष्यभर दुसरं काही जमवलं नव्हतं. दागिने नाहीत, साड्या नाहीत, मैत्रिणीही फारशा नाहीत. मी नऊ वर्षांची असताना बाबा अपघातात गेले. त्यानंतर ती कामावर जायची आणि मला वाढवायची, एवढंच. 'ताईंचा आरसा' हे दोन शब्द तेवढे तिच्या मालकीचे होते.

पण सूर्यावरचे डाग वाढत चालले होते. आमच्याच फलकावर रोज त्यांचा आकडा येई. वादळ आज ना उद्या येणार होतं. ते आलं आणि खळगा खोटा निघाला, तर खाली उतरलेलं सगळं दाट हवेत सापडणार होतं. त्या स्थानकातली एक बाई रोज सकाळी आपल्या मुलाशी बोलताना बातम्यांत दिसायची. मुलगा तिला गृहपाठ दाखवायचा. मी टीव्ही बंद करू लागले.

शेवटी मी नाडगौडांकडे गेले.

"काय गरज आहे?" ते म्हणाले. "आरशात डाग असण्याची शंका दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल घेतली असती, तर मी आज फिरवला असता. ताईंचा आरसा आहे तो. संवेदक धोक्यात घालू मी? कशासाठी?"

"सर, इतकी वर्षं आपण सगळे हेच म्हणतोय. ताईंचा आरसा आहे. कुणी तपासलंच नाही."

"अगं, तू मुलगी ना त्यांची?"

"त्यांनीच सांगितलंय फिरवायला. जायच्या आदल्या दिवशी. जेवताना."

 त्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला. "शंका का आली, ते सांगितलं?"

"नाही."

"ताई कारणाशिवाय बोलायच्या नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले, आणि फोन उचलला.

उपग्रह नियंत्रणाचं काम इम्तियाज पिंजारी बघतो. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. तो एरवी सतत बडबड करतो. त्या दुपारीही सुरुवात त्यानेच केली. "बाईसाहेब, तुमच्या आईंनी मला एकदा सांगितलं होतं, 'इम्तियाज, तुझ्या दाढीला अत्तराचा वास येतोय, ईद असेल तर बाहेरूनच मुबारक.' सरळ काचेपलीकडून शिरखुर्म्याचा डबा घेतला आणि मला हाकलला." मी हसले. त्याने आज्ञा पाठवली. आरोही सावकाश वळू लागला. थंड बाजूचं तापमान चढत होतं आणि इम्तियाजची बडबड कमी होत होती.

अर्धं वळण पुरं झालं. पहिलं नवं चित्र रांगेरांगेने पडद्यावर उतरू लागलं. आरोहीचा आरसा पृथ्वीवरून झाडू फिरवल्यासारखा सरकतो आणि प्रत्येक जागेसाठी त्याचा थोडा वेगळा भाग कामी येतो. चित्र उत्तरेकडून खाली येत होतं. मॉरिशसच्या बरोबर विरुद्ध बाजूला, चीनच्या दक्षिण किनाऱ्यापाशी, एक काळपट ठिपका उमटला. ओळखीचा आकार, एका बाजूला निमुळता. मग विषुववृत्त आलं. मग मॉरिशस. तिथे प्राणवायूची प्रभा स्वच्छ, सलग, आजूबाजूसारखीच होती.

 इम्तियाजने उपग्रह परत पूर्ववत वळवायची आज्ञा दिली आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"मी कळवते," मी म्हणाले. "निबंध माझा आहे."

त्याच संध्याकाळी दुरुस्त नकाशा सगळ्यांना गेला. स्थानकाने दोन दिवसांत उंची वाढवली. लहान उपग्रह एकेक करून वर चढले. काहींकडे इंधनच उरलं नव्हतं, ते गेले. महिन्याभराने वादळ आलं. वरची हवा फुगली, ध्रुवांकडे आकाश रंगलं, आणि स्थानकातली चारही माणसं सुखरूप राहिली. ती बाई मुलाचा गृहपाठ बघत होती. मी तेवढं पाहिलं.

पाटी लावायचं मात्र थांबलं. सुतार येऊन मापं घेऊन गेला होता, तो परत आला नाही. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावरचं बोलणं हवापाण्याकडे वळे. डाग कशाचा, हे शोधायला एक समिती बसली. प्रभा कोणत्या तरंगलांबीला किती गिळली गेली यावरून एवढं निघालं की थर सेंद्रिय आहे, तेलकट जातीचा. सुरुवातीला तो इतका पातळ होता की कुणाला कळला नसता. आरशाशेजारी तपासणीसाठी ठेवलेली नमुन्याची काचही स्वच्छ निघाली होती. मग कक्षेत वर्षानुवर्षं उन्हात तो करपत गेला, घट्ट झाला, गडद झाला. डाग आरशाच्या कडेजवळ होता. आरसा बसवताना जिथे हात धरतात, तिथे. तो बसवला होता आईने एकटीने. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवसाची.

ती तारीख वाचली आणि मी घरी न जाता आमच्या जुन्या वसाहतीत गेले. उज्ज्वलाकाकू बोडके अजून तिथेच राहतात. आता गुडघे गेलेत, पण आवाज तोच.

"ये गं. वाळलीस किती. फोडणी घालतेस का नाही आता रोज? आता कुणाचं पथ्य आहे?"

"घालते कधीतरी. काकू, एक विचारायचं होतं. तुम्ही आईला हळदीकुंकवाला बोलावलं होतं ना, ते आठवतं?"

"न आठवायला काय झालं? आमच्या सासूबाई गेल्या त्या वर्षी. त्या असेपर्यंत माझी टाप नव्हती. मी ठरवलं, आता सगळ्यांना बोलवायचं. नवरा आहे का गेला, ते नाही बघायचं. तुझ्या आईला दारात जाऊन हाताला धरून आणलं. बाकीच्या बघतच राहिल्या. त्या पाटलीणबाई तर उठून जायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, बसा, तिळगूळ खा, गोड बोला."

"आणि आई?"

"कुंकू लावलं तर मान खाली. गुलाबपाणी शिंपडलं तर डोळे मिटले. अत्तर लावायला गेले, तर हात मागे घेतला. म्हणाली, 'नको, उद्या माझं काम आहे.' मी म्हटलं, 'हेमा, अकरा वर्षांनी कुणी लावतंय, आज नाही म्हणू नकोस.'" काकूंनी स्वतःचा हात पुढे केला आणि मनगटाच्या वर बोट ठेवलं. "मग दिला तिने हात. असा. लहान पोरीसारखा. रडत नव्हती हं. हसत होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का गं? काही झालं का?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही झालं. बरं केलंत तुम्ही."

त्यांना सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. जे त्यांनी दिलं होतं ते दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळचं मला आठवत होतं. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. आई घरी आली, गॅलरीत बसली, मांडीवर हात उताणा ठेवून. मग उठली आणि हात धुऊ लागली. बिनवासाच्या साबणाने धुतला, बेसन लावून धुतला, मीठ चोळलं. मनगट लाल झालं. सकाळी निघायच्या आधीही ती न्हाणीघरात तेच करत होती. कक्षात दोन-दोन हातमोजे असतात. पण मोजा चढवताना दुसऱ्या हाताची बोटं मनगटाला लागतात, आणि अत्तरातलं चंदनाचं तेल कातडीत मुरतं, उष्णतेने परत वर येतं. हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तिने सुट्टी घेतली नाही. प्रक्षेपणाची तारीख ठरली होती आणि तिच्याशिवाय आरसा बसवणारं कुणी नव्हतं. बहुधा तिला वाटलं असेल, एवढं धुतलं, गेला असेल.

समितीची शेवटची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती. पाच-सहा माणसं, मधे अहवालाचा मसुदा. नाडगौडांनी माझ्याकडे न पाहता वाचलं, "दूषणाचा स्रोत अज्ञात." मग कागद खाली ठेवला. "असंच जाऊ दे. वस्तुस्थिती आहे ती. पुरावा नाही कशाचाच. आणि पाटी पुढच्या आठवड्यात लागेल, ते मी बघतो."

"सर, स्रोत अज्ञात नाही," मी म्हणाले.

इम्तियाजने मान वर केली.

मी सांगितलं. रथसप्तमी, हळदीकुंकू, अत्तर, बेसन, मीठ. काकूंचं नाव घेतलं नाही. आरोही-दोनचा आरसा बसवणाऱ्या मुली आईपेक्षा कमी काळजी घेतील असं नाही, पण त्यांनाही कुणीतरी, कधीतरी, प्रेमाने हात पुढे करायला लावेल. तेव्हा त्यांना एक दिवस घरी राहता आलं पाहिजे, काम थांबलं तरी. आईला तसं राहता आलं नाही, कारण आपण सगळं तिच्या एकटीवर टाकलं होतं. हे अहवालात यायला हवं. पाटीचं तुम्ही काय ते ठरवा.

कुणी लिहून घेत होतं. नाडगौडांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पण त्या इतक्या कडक," ते म्हणाले. "त्यांना स्वतःला वास जाणवला नसेल?"

"आरसा बसवायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं होतं. सारखा धुऊन नाकाला कळेनासं झालंय म्हणाल्या. हात माझ्या नाकापाशी धरला. विचारलं, 'ऋजू, येतोय का गं अजून?' मी म्हटलं, 'येतोय.' तशा परत धुवायला गेल्या."

एवढ्यावर थांबता आलं असतं. मसुद्याला पुरेसं होतं. पण माझ्यासमोर तो हात होता, लाल झालेला, ओला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतर आयांच्या हातासारखा. मी वीस वर्षांची होते आणि मला तो धरून ठेवावासा वाटला होता. मी पुस्तकात डोकं घालून फक्त एक शब्द बोलले होते.

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याशी बोलायचं सोडून दिलं.

"छान येत होता, आई," मी म्हणाले. "फार छान येत होता. मला वाटत होतं, तू तो धुऊ नयेस."